खसचा दिवा

आज सकाळी कूलरच्या खसच्या ताट्या बदलल्या. पाणी सोडताच वाळ्याचा तो ओला वास घरभर पसरला आणि पुढची सगळी कामं विसरून मी तिथेच उभी राहिले.

दहावीनंतरच्या उन्हाळ्यात मी एक दिवा केला होता. खाली जुना पितळी तांब्या, वर बांबूच्या काड्यांचा सांगाडा आणि त्याभोवती जुन्या ताटीतली खस दोऱ्याने बांधलेली. वायर, होल्डर, प्लग सगळं मीच जोडलं. मला आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचं शिकायचं होतं. बाबांनी अट घातली होती: दिवा लागला तर आयटीआय, नाहीतर टायपिंगचा क्लास.

संध्याकाळी मी प्लग लावला, तशी आई ओरडली, "अवं, खस पेटन ना! घर जाळशीन का?"

"लहान बल्ब आहे, आई!"

"थांब," बाबा म्हणाले. त्यांनी पायातल्या रबरी चपला काढून माझ्यापुढे सरकवल्या. "ह्या घाल. मंग दाब बटन."

दाबलं. खसमधून पिवळा उजेड झिरपला, भिंतभर सावल्यांची जाळी पडली आणि ऊब लागताच खस दरवळली. त्या ढगळ चपलांत मी उड्याच मारल्या.

"लागला वं, लागला!" बाबा आईला सांगत होते.

चपला दिल्या म्हणजे माझ्या कामावर त्यांचा भरवसा नाही, असं तेव्हा वाटलं होतं. आता सदरच्या बाजारात माझं स्वतःचं दिव्यांचं दुकान आहे. पितळेत करंट उतरला तर काय होतं, हे मला नीट ठाऊक आहे. आणि मी बटन दाबलं तेव्हा बाबा अनवाणी उभे होते, तांब्यावर हात ठेवून.