सुलाबाईची फुंकर

ताडकळसात कुणाकडं लेकरू झालं की पेढ्यांच्या आधी सुलाबाईला सांगावा जातो. न्हाऊमाखू घालणाऱ्या बाया गावात आणखीही आहेत, पण सुलाबाईचा तोराच वेगळा. पाटावर बसून पाय लांब सोडायचे, नडग्यांवर लेकरू पालथं घालायचं, आणि मग आई असो की आजी, मधे कुणी तोंड घालायचं नाही. "तुमी गुमान पाणी ओता," एवढंच ती म्हणते. अंघोळ उरकली की लेकराच्या कानांत, मग नाकपुड्यांत, शेवटी टाळूवर फुंकर. कानातलं पाणी निघतं, नाक मोकळं होतं, असं तिची आई सांगायची. आईला तिच्या आईनं सांगितलेलं. सुलाबाईच्या फुंकरीनं लेकरू गाढ झोपतं, हे गाव शपथेवर सांगेल.

केशरबाईची सून राजेश्री सातव्या महिन्यातच बाळंत झाली. मुलगी झाली, ओंजळीत मावेल एवढी. परभणीच्या दवाखान्यात ती कितीतरी दिवस काचेच्या पेटीत होती. आधी नळीनं दूध, मग चमच्यानं. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी लेकराच्या बापाला, जीवनला, समोर बसवून बजावलं. हिची फुफ्फुसं अजून कच्ची आहेत. अंघोळ नको, ओल्या फडक्यानं पुसून घ्या. सर्दी-खोकल्याचं माणूस जवळ नको, आणि बाहेरच्या कुणाला घरातच घेऊ नका.

केशरबाई मोठी खमकी बाई. जिंतूरहून तिची नणंद बाळंतविडा घेऊन आली, तिला उंबऱ्यावरूनच वाटेला लावलं. ती अजून फुगलेली आहे. पण सुलाबाई बाहेरची कधी झाली? जीवनला तिनंच न्हाऊ घातलेलं. 'बाहेरचं माणूस' म्हटल्यावर त्या घरात एकाच्याही डोक्यात सुलाबाई आली नाही. आणि अंघोळ नको हे केशरबाईनं ऐकलं होतं खरं, पण लेकराच्या अंगाला दवाखान्याचा वास तसाच ठेवायचा म्हणजे काय! तिनं पाणी तापवलं आणि सांगावा धाडला.

सुलाबाईला नेमकं पडसं झालेलं. पदराला नाक पुसत, ओवा चघळत ती आली. पडसं म्हणजे काय दुखणं आहे?

"मावशी, तुमचं नाक गळायलंय," राजेश्री म्हणाली. "दोन रोजानं या की."

सासूनं डोळे वटारले. सुलाबाई हसली. "बाई गं, तू जन्मली नव्हतीस तवापासनं हेच करायलेय मी."

लेकरू नडग्यांवर घेतलं तेव्हा मात्र तिचा हात जरा थबकला. इतकं हलकं लेकरू तिनं कधी घेतलं नव्हतं. पण थांबते ती सुलाबाई कसली! पाणी, कान, नाक, टाळू, सगळं रीतसर झालं.

चार-दोन दिवसांत लेकरानं दूध सोडलं. श्वास घेता घेता पोर मधेच थांबायची, ओठ निळे पडायचे. जीवननं गाडी करून परभणी गाठली. पुन्हा नाकात नळ्या. सुलाबाईला कळलं तशी तीही डबा बांधून एसटीनं मागोमाग गेली. ती पोचली तेव्हा दारातच डॉक्टरीणबाई घरच्यांना सांगत होत्या, विषाणूची लागण आहे. मोठ्या माणसाला यानं नुसतं पडसं होतं, पण इतक्या लवकर जन्मलेल्या लेकराच्या श्वासनळ्या सुजून बंद व्हायला लागतात. यावर नेमकं असं औषध नाही. ऑक्सिजन देऊ, नळीनं दूध देऊ, झुंजायचं तिचं तिलाच.

"घरात सर्दी कुणाला होती?" त्यांनी विचारलं. कुणीच बोललं नाही, तशा त्या आत गेल्या.

मग केशरबाईचं तोंड सुनेवर सुटलं. "हिनंच दही खाल्लं चोरून! दुधातून गारठा उतरला लेकराला." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. राजेश्री भिंतीला टेकून बसली होती, तिला रडायचंही सुचत नव्हतं. आणि जीवन? जीवन स्वतःच्या चपला बघत होता. बायकोची बाजू घ्यायला जीभ झडली होती त्याची!

सुलाबाई गप्प राहिली असती तर तिचं काही बिघडत नव्हतं. तिच्याकडं कुणी बोटसुद्धा दाखवलं नव्हतं. पण तिच्या डोक्यात एकच होतं, लेकरू गेलं तर काय.

"केशरबाई, तिला बोलू नको," ती म्हणाली. "पडसं मला होतं. नाकात फुंकर म्या मारली."

"गप वं! तुझी फुंकर कशी बाधंल? सारं गाव वाढलं तुझ्या फुंकरीवर."

"सारं गाव नऊ महिन्यांचं होतं," सुलाबाई म्हणाली. "हे न्हवतं."

आणि ती स्वतः आत जाऊन डॉक्टरीणबाईंना सांगून आली. त्या रागावल्या, चांगल्याच रागावल्या. केशरबाईनं तरी दह्याचा हेका सोडला नाहीच.

लेकरू वाचलं. उगाच कुणाचा जीव टांगणीला कशाला लावायचा? झुंजलं आणि वाचलं, घरी आलं. आणि या केशरबाईला म्हणावं तरी काय! तिनं पुन्हा पाणी तापवलं, पुन्हा सुलाबाईला बोलावणं धाडलं. सुलाबाई आली, पण उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. "म्या आत येणार न्हाई," ती म्हणाली.

राजेश्री बाहेर आली. "मावशी, मला तुमचा राग हाय. लय हाय. इतक्यात जायचा बी न्हाई."

सुलाबाईनं मान खाली घातली.

"पण त्या दिवशी माझ्या बाजूनं तुमी एकट्याच बोलल्या. माझा नवरा बी न्हाई बोलला." तिनं पाट आणून उंबऱ्याबाहेर टाकला. "बसा हितं. पुसून घ्या म्हनल्यात डॉक्टरीणबाई. म्या पुसते. माझं चुकलं तर सांगा."

सुलाबाई बसली. नाकातोंडावर पदर घट्ट बांधला. आत राजेश्रीनं लेकरू मांडीवर घेतलं, फडकं कोमट पाण्यातून पिळलं आणि वाट बघत राहिली.

"सांगा की, मावशी."

"आधी मान धर," सुलाबाई म्हणाली, आणि आपला रिकामा तळवा पुढं करून कशी धरायची ते दाखवलं.