वासावरून देवमासा ओळखणारा फ्लोरिस

दक्षिण आफ्रिकेतल्या आमच्या केपच्या किनाऱ्यावर बोलवा होती, की फ्लोरिस स्वार्ट्सला देवमासा नुसत्या वासावरून कळतो. देवमाशांची गणती करणाऱ्यांनी त्याला कड्यावर टेहळणीला ठेवलं होतं. देवमाशाचा फवारा उडाला की त्यानं समुद्रशेवाळाच्या पोकळ देठाचं शिंग फुंकायचं. बसायचा असा, जणू समुद्र याच्या सासऱ्याचा!

मग बायको, सार्लिना, रुसून माहेरी गेली. दुसऱ्याच दिवशी यानं शिंग फुंकलं. "मादी आहे, पिल्लासकट!"

गणतीची होडी धावली. पुढ्यात खडक, त्यावर लाट फुटतेय.

"फ्लोरिसकाका, पिल्लू कुठल्या दगडाखाली ठेवलंत?" कड्याखाली परतल्यावर होडीवाली डेलिया खिदळली.

"बुडी मारली असेल," हा निर्लज्ज म्हणाला.

संध्याकाळी नोकरी गेली.

फ्लोरिसला लांबचं दिसतच नव्हतं. देवमासे सार्लिना बघायची आणि त्याला सांगायची.