सोडा शेवटी घालायचा

फ्रूट पंच करायला फारशी अक्कल लागत नाही, हे आधीच सांगून टाकते. अननसाचा आणि संत्र्याचा रस, लिंबू, किसलेलं आलं, पुदिना, काळं मीठ. गाळून फ्रिजमध्ये ठेवायचं. डाळिंबाचे दाणे आयत्या वेळी, आणि सगळ्यात शेवटी, पिणारी समोर येऊन बसली की, थंड सोडा. झालं. एवढ्यावरून आमच्या घरात अख्खा दिवस डोकं फिरायची वेळ आली.

सुनेची पहिली संक्रांत होती. तारापूरच्या आमच्या कॉलनीत हळदीकुंकवाला मसाला दूध ठरलेलं. सून म्हणाली, पंच करू. कारणही तिनं सरळ सांगितलं. तिचं माहेर जवळच्याच दांडी गावचं. आई आणि काकी बोईसरच्या बाजारात मासे विकतात, टोपली रिकामी झाल्याशिवाय उठत नाहीत. लग्नानंतरच्या सत्यनारायणाला त्या पोचल्या तेव्हा पातेल्याच्या तळाचा शिरा आणि गार भजी उरली होती.

"आई, या वेळी माझ्या आयेला उरलंसुरलं नको. पंच कसं, कोणी कधीही येवो, ताजंच मिळतं."

मागणी रास्त होती. मी म्हटलं, कर.

अडचण एकच. साताऱ्याहून माझी नणंद आली होती. तिला आधी पंच पितळी घंगाळात हवं होतं, शोभा दिसते म्हणून. आंबट रस पितळेत कळकतो हे तिला तीनदा सांगितलं. शेवटी स्टीलच्या पातेल्यावर तडजोड झाली, पण तिची नजर सोड्याच्या बाटल्यांवर होती. ते मी ओळखलं, थोडा रस फ्रिजमध्ये बाजूला काढून ठेवला आणि त्यातल्या दोन बाटल्या उचलून वॉशिंग मशीनमध्ये ठेवल्या. सणाच्या दिवशी तिथं कोण हात घालणार?

पहिली पाहुणी दारात चपला काढत होती, तेवढ्यात नणंदेनं बाहेरच्या सगळ्या बाटल्या पातेल्यात ओतल्या.

"अहो वन्सं, हे काय केलंत?"

"पातेलं अर्धं दिसलं तर बायका म्हणतील, हात आखडला. सुनेच्या पहिल्या सणाला?"

हळदीकुंकवाला बायका कधी एकदम येतात का? एक येते, तिळगूळ घेते, वाण घेते, साडीचा भाव विचारते, जाते. मग दोघी. मग बराच वेळ कोणी नाही. पहिल्या चौघींना फसफसणारं मिळालं. पुढच्यांना गोड पाणी. एकजण म्हणाली, "छान आहे हो, अगदी पन्ह्यासारखं." सून माझ्याकडे बघत राहिली. मी तिला हळूच म्हटलं, "दोन आहेत अजून. गप्प बस."

मग आमचे हे कारखान्यातली पहिली पाळी संपवून आल्यावर झोपले होते, ते उठले. टेबलावरच्या चादरीवर कुणी तरी पंच सांडलेलं. त्यांना मदत करायची लहर आली. कोणी सांगितलं नव्हतं. मी दारात कुंकू लावत होते आणि आतून धाड धाड आवाज यायला लागला.

"मशीन बिघडलंय वाटतं," हे म्हणाले.

मी बंद करून झाकण उघडलं. चादरीत गुंडाळलेल्या, साबणाच्या पाण्यात भिजलेल्या दोन बाटल्या. नेमक्या त्याच वेळी विहीणबाई आणि काकी आल्या. केसांत भरगच्च अबोली, अंगावर सगळं सोनं. बाजारातून घरी जाऊन, अंघोळ करून, पुन्हा रिक्षा करून आल्या होत्या.

मी घाईत पहिली बाटली उघडली. चूक माझी नाही, मशीनची. निम्मा सोडा भिंतीवर, निम्मा नणंदेच्या रेशमी साडीवर.

"आता चहाच टाका," नणंद पदर झटकत म्हणाली. "त्यांना काय, चालेल."

"हां, चाय दे," विहीणबाई म्हणाल्या. "आमाला काय बी चालतं."

"नाय," सून म्हणाली. "तू बस आये. आमी तुला नुसता चाय नाय देनार."

आमच्या घरात ती असं कधी बोलली नव्हती. नणंद पदर पिळायला लागली.

दुसरी बाटली धुऊन पुसून फ्रीजरमध्ये मटाराच्या पिशवीशेजारी उभी केली आणि आम्ही सगळ्या बसून राहिलो. काकीनं यांना विचारलं, "तुमी कारखान्यात पन असंच करता काय?" हे पेपर घेऊन गॅलरीत गेले.

मग सुनेनं स्वतः झाकण फिरवलं, जरासं, थांबून, पुन्हा जरासं. बाजूला काढून ठेवलेल्या रसावर सोडा ओतला. दोन ग्लास काठोकाठ भरले आणि बाटली संपली.

"आणि आम्हाला?" नणंदेनं विचारलं.

"आत्या, तुम्ही पहिलाच ग्लास घेतलात ना," सून म्हणाली.

विहीणबाईंनी अर्धा ग्लास एका दमात संपवला, मोठा ढेकर दिला आणि लेकीकडे बघितलं. "बरा हाय. मीठ कमी हाय."

सून हसत सुटली. मी काळ्या मिठाची बरणी आणायला उठले. ती जागेवर नव्हती. नणंदेनं सकाळी कुठेतरी नीट ठेवली होती.