ढिगावरचाच बगॅस

रस्त्याकडेला कुजलेल्या पाचटाचा ढीग दिसला की विमलताई स्कूटर थांबवत. ढिगात हात घालून आतली ऊब बघत आणि मूठभर पाचट पिशवीत भरत. कोपरगावात आमची घरे शेजारी होती. मी विचारले तेव्हा म्हणाल्या, "कुजतंय म्हंजी आत कुनीतरी जेवतंय. कोन जेवतंय, ते बघायचं."

त्या काष्टी गावच्या शेतकरी घरातल्या, सूक्ष्मजीवशास्त्राच्या डॉक्टर. गेल्या वर्षी त्या वारल्या. उसाचा रस काढल्यावर उरणारा चोथा म्हणजे बगॅस. त्याच्या धाग्यांपासून साखर आणि त्या साखरेपासून इथेनॉल करायचे, हे त्यांच्या प्रयोगशाळेचे काम. धागे तोडणारे एन्झाइम ताईंना पाचटातल्या बुरशीत सापडले होते. पण ते उष्णतेत लवकर निकामी होई. त्याच्या रचनेत एकेक लहान बदल करत, टिकेल तेवढेच ठेवत त्यांनी ते सुधारले. प्रयोग फसला की म्हणत, "गडी नवा हाय. उन्हाची सवय न्हाई अजून."

साखर कारखान्याचे चेअरमन चाचणी बघायला येणार होते. त्यांना पटले तर कारखान्यात बगॅसपासून साखर करणारी मोठी टाकी बसणार होती, नाही तर प्रकल्प बंद. प्रयोगशाळेत चाचणी नेहमी फिल्टर पेपरवर होई. तो जवळजवळ शुद्ध धागा, त्यावर साखरेचा आकडा चांगला येई. प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणाले, "ताई, पेपरच दाखवू. नेहमीची पद्धत तीच आहे."

"आपला कारखाना कागद गाळतो व्हय, सर?"

ताईंनी कारखान्याच्या ढिगावरचा बगॅस आणून धागे मोकळे व्हावेत म्हणून वाफवला आणि एन्झाइम घालून पेपरशेजारी त्याचेही भांडे लावले. दुसऱ्या दिवशी चेअरमन आले. बगॅसमधून निघालेली साखर पेपरच्या निम्मीच होती.

"मॅडम, ह्यात कमी दिसतंय."

"कमीच हाय, साहेब. पन तुमच्या ढिगावरचं हाय. कागद बघून टाकी बांधली असती, तर फुडच्या हंगामात मला शिव्या घातल्या असत्या."

"आता घालनार न्हाई, असं कुठं म्हनलो?"

"घाला. पन वाढंल का, ते आधी इचारा."

"वाढंल?"

"सुरुवातीला ह्याच बगॅसला एन्झाइमनं तोंडबी लावलं नव्हतं."

चेअरमननी दोन्ही भांडी उजेडात धरून पाहिली. मग सोबतच्या इंजिनिअरला म्हणाले, "बॉयलरमागची जागा मोकळी करा."

ती टाकी आज चालू आहे. तिथली चाचणी ढिगावरच्या बगॅसवरच होते.