वहीतला तिसरा रकाना

गॉडफ्रे अंकलचं कौतुक ऐकायचं असेल तर वसईजवळ आमच्या सांडोरात कुणाच्याही ओटीवर जाऊन बसा, फक्त माझ्या नको. माझं तोंड फटकळ आहे. आणि मला सांगायचंय ते एलिना मावशीबद्दल. ती अंकलची बायको, माझ्या आईची धाकटी बहीण.

लग्नाला वर्ष होतंय तोच अंकल मलेशियाला गेले, एका सरदारजीच्या लॉरी दुरुस्तीच्या गॅरेजात. सुझान तेव्हा पोटात होती. ते पंच्याण्णव साल. कायमचे परत आले बावीस साली. मधे दर दोन वर्षांनी एक महिना, नाताळात. बाकीचे तेवीस महिने मावशी आणि केळीची वाडी. राजेळी केळी पिकली की सोलायची, उन्हात वाळवायची, वाळलेल्या सोपटात गुंडाळून सुकेळी बांधायची. सासू-सासऱ्यांचं म्हातारपण तिनेच काढलं, सुझानला तिनेच वाढवलं. आणि गाव म्हणायचं, "बिचारा गॉडफ्रे, घरासाठी किती राबतो तिकडे!" बिचारा म्हणे!

परत येताना अंकलनी सहा जाड वह्या आणल्या. प्रत्येक पानावर तीन रकाने: मलय, पंजाबी, आपली मराठी. सगळं देवनागरीत, सुवाच्य अक्षरात. माणूस हुशार, ते नाकारत नाही. मलयमध्ये भाषेला 'बाहासा' म्हणतात आणि बायकोला 'इस्तरी', म्हणजे आपली स्त्रीच की! अलमारी तिन्हीकडे अलमारी, खुर्ची मलयमध्ये 'करुसी' आणि पंजाबीतही 'कुर्सी'. आपलं चर्च तिकडे 'गरेजा', कारण पोर्तुगीज जसे वसईत आले तसे तिकडेही गेले. पंजाबीत आपल्यासारखं तो आला, ती आली. मलयला बाई-पुरुष, काल-उद्या कशाचंच सोयरसुतक नाही, 'माकान' म्हणजे जेवणं, मग काल जेवा नाहीतर उद्या. पंजाबी माणूस 'घोडा' म्हणताना आवाज असा खाली नेतो की आपल्याला 'कोडा' ऐकू येतं. हे सगळं अंकल रंगवून सांगत आणि पोरं तोंडाचा आ करून ऐकत.

मावशीने एकदा म्हटलं, "मलाही शिकवा."

"तुला गं काय करायचंय? केळ्यांशी बोलणार?" अंकल हसले. बसलेली माणसंही हसली. मीसुद्धा हसले, देव मला क्षमा करो.

पण दुपारी अंकल झोपले की मावशी वही घेऊन वाडीत जायची. केळी सोलता सोलता पुटपुटायची. कावळे हाकायला बसलेली बाई दुसरं करणार काय? वर्षभरात सहाही वह्या तिने पाठ केल्या. सातवी नापास बाई! कुणाला पत्ता नाही, फक्त मला.

मग एक दिवस मी सुकेळी बांधायला गेले, तर ती हात थांबवून म्हणाली, "प्रिस्का, गॅरेजात कुणाचे दुधाचे दात पडतात गं?"

मला कळेना. तिने वह्या पुढे केल्या. पहिल्या दोनांत नट, बोल्ट, तेल गळतंय, ब्रेक लागत नाही. तिसरीपासून वेगळंच. 'गरम आहे, फुंकून पी.' 'रडू नको.' 'माझा दात हलतोय.' 'डबा संपवला का?' आईची वाक्यं पंजाबीत आधी लिहिलेली, लेकराची मलयमध्ये आधी; बाकीचे रकाने मागून, दुसऱ्या शाईत. म्हणजे आई घरात पंजाबी बोलायची आणि पोर शाळेत शिकलेल्या मलयमध्ये उत्तर द्यायचं. आमचे हे गृहस्थ मधे बसून दोन्ही उतरवून घ्यायचे! अशी वही गॅरेजात होत नाही. ती स्वयंपाकघरात होते.

माझं डोकंच फिरलं. "आत्ता जाऊन विचारते त्यांना," मी उठले.

तिने माझा हात धरला. "सुझानला कळेल. तिचा बाप आहे तो. तिच्याकडे बाप म्हणून एवढाच आहे, दोन वर्षांतून एकदा आलेला. तो मी नाही काढून घेणार."

आणि ती गप्प राहिली. त्यांना वाढत राहिली, त्यांचे कपडे धूत राहिली. मला तिचाही राग आला, खोटं कशाला बोलू.

पण सुझान गप्प बसेल तर ना! ती विरारला राहते, बँकेत आहे, बापावर जीव ओवाळून टाकणारी. तिने ठरवलं, पप्पांच्या वह्यांचं पुस्तक काढायचं. त्याआधी चर्चच्या हॉलमध्ये वर्ग, दर रविवारी मिस्सानंतर. पुस्तकाची अर्पणपत्रिका तिने मावशीला वाचून दाखवली: 'आमच्यासाठी सत्तावीस वर्षं एकटे राहिलेल्या पप्पांना.'

'एकटे' हा शब्द ऐकून मावशी उठली आणि मोरीत जाऊन तोंड धुऊन आली. बराच वेळ धूत होती.

पहिल्या वर्गाला चाळीसेक माणसं. कॅनडाला निघालेला जेसन पंजाबीसाठी आलेला, बाकीचे हौशी. सुझान पहिल्या बाकावर, मोबाइलवर चित्रण करत. मावशी शेवटच्या बाकावर, माझ्या शेजारी. अंकल फुलून गेले होते. "कुठलंही पान काढतो," म्हणाले, "आणि तिन्ही रकाने वाचतो. बघा कशी गंमत आहे." वहीत खूण म्हणून केळीच्या सोपटाचा तुकडा होता. तिथेच ती उघडली.

"मलय: बिला आयाह बालिक? पंजाबी: पापा कदों आउणगे? आणि मराठीत..."

थांबले. त्या पानावरचा तिसरा रकाना त्यांनी कोराच ठेवला होता, मी पाहिलं होतं. मराठीत हे वाक्य त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. ज्या घरात ते रोज विचारलं जायचं, तिथे अंकल नव्हतेच.

"चष्मा विसरलात ना पप्पा?" सुझान हसत पुढे गेली, वही घेतली आणि खणखणीत वाचलं, "पप्पा कधी येणार?" मग खालची बारीक ओळ, "सुझान, रोज, दिवे लागले की. वयाच्या अकराव्या वर्षी विचारायची बंद झाली."

माणसं हसली. सुझानही हसली. "हे तर ममीचं अक्षर!" मग तिने पुन्हा पानाकडे पाहिलं, पहिल्या रकान्यापासून बोट फिरवत. पहिले दोन रकाने पप्पांच्याच अक्षरात होते. तिचं हसू हळूहळू गेलं.

"पप्पा, माझं मराठीतलं कळलं," ती म्हणाली. "पण हे दुसरं कोण विचारत होतं?"

अंकलनी पाणी मागितलं. मग त्यांनी मागे मावशीकडे पाहिलं, नेहमीसारखं, आता ही सावरून घेईल म्हणून.

मावशी उभी राहिली. पदर सारखा केला.

"सांगा तिला," ती म्हणाली. "मराठीत सांगा."