टेस्ट हिरवी आहे ना, मग झालं!

“दीदी, आपकी टेस्ट ही गलत है,” म्हणत नितीनने माझ्या की-बोर्डवर हात टाकला आणि माझ्या ओळीतला एक शब्द उडवला. टेस्ट पुन्हा चालवली. लाल, म्हणजे नापास, होती ती हिरवी झाली. “देखो, हो गया.”

नितीन आमच्या देवासच्या छोट्या कंपनीतला लीड डेव्हलपर. मी टेस्टर. वेबसाइट क्लायंटच्या हाती जाण्याआधी तिच्यातल्या चुका शोधायच्या, हे माझं काम. इतकी वर्षं ते हाताने केलं: बटणं दाबायची, मुद्दाम उलट्यासुलट्या तारखा भरायच्या. मग कंपनीने नवं फ्रेमवर्क घेतलं, म्हणजे वेबसाइट बांधायचा तयार सांगाडा. आमचे बॉस प्रशांत सर यांनी फर्मान काढलं, यापुढे टेस्ट कोडमध्ये लिहायच्या, म्हणजे तपासणी प्रोग्रामच करील. ट्रेनिंग? “इंटरनेटवर सगळं आहे.” होतं, पण जुन्या व्हर्जनचं. व्हिडिओतली ओळ जशीच्या तशी लिहिली तरी एरर. आणि त्या एररमध्ये काय चुकलं तेवढं सोडून बाकी सगळं लिहिलेलं.

काम मांडूच्या एका हॉटेलच्या बुकिंगचं होतं. भरलेली खोली कुणी पुन्हा बुक करायला गेलं तर ‘खोली उपलब्ध नाही’ असं दिसायला हवं. हे उत्तर सर्व्हरकडून यायला क्षणभर लागतो. तेवढं थांब, असं टेस्टला सांगणारा शब्द ‘अवेट’. नितीनने उडवला तो हाच. आता टेस्ट उत्तर यायच्या आतच संपत होती. काही बघतच नव्हती, म्हणून हिरवी!

हे सांगितलं तर म्हणतो, “नया है दीदी, धीरे-धीरे समझ आएगा.” त्याच्या स्वतःच्या टेस्टही अशाच होत्या.

माझं डोकं फिरलं. लॅपटॉप उचलून सरळ सरांच्या केबिनमध्ये गेले. हॉटेलचे मालक, पाटीदार भिया (इकडे माळव्यात भैयाला भियाच म्हणतात), साइट ताब्यात घ्यायला आले होते. चहा चालला होता.

“सर, मी ओके देणार नाही.”

“का? नितीन म्हणतो सगळं ग्रीन आहे.”

“बघा मग.” साइटवर ‘खोली उपलब्ध नाही’च्या जागी मी ‘कांदा-बटाटा’ लिहिलं आणि टेस्ट चालवली; आता तरी ती लाल व्हायला हवी. हिरवी.

“भरलेली खोली पुन्हा बुक होते का, हे ही टेस्ट बघतच नाही.”

सर हळूच मराठीत म्हणाले, “अहो, हे नंतर बोलू.”

पण भियांचं लहानपण धारला मराठी शेजाऱ्यांत गेलेलं. “नंतर काय? आत्ताच बोला,” त्यांनी कप खाली ठेवला. “मतलब मैडम, एक कमरे में दो पार्टी घुस जाएगी?”

“तुम्हीच करून बघा.”

त्यांच्या फोनवरून आणि माझ्या फोनवरून आम्ही एकाच रात्रीसाठी एकच खोली बुक केली. दोघांनाही मेसेज आला: बुकिंग झालं, धन्यवाद.

डिलिव्हरी थांबली. मी सगळ्या टेस्टमध्ये ‘अवेट’ घातला आणि स्क्रीन लालेलाल झाली. नितीन पुढचा आठवडाभर मान खाली घालून दुरुस्त्या करत होता. आणि मीटिंगमध्ये सर काय म्हणाले? “टेस्टिंगमुळे उशीर झाला.”

“साइट चुकीची होती म्हणून उशीर झाला, सर,” मी सगळ्यांसमोर म्हणाले. सरांनी पुढचा विषय काढला. माफी तर दूरच.

साइट आता नीट चालते. मी मात्र कुठलीही नवी टेस्ट आधी मुद्दाम लाल करून बघते. ती लाल होऊच शकत नसेल, तर लीडने लिहिलेली असो की आणखी कुणी, मी ती परत पाठवते.