झुत्राची आण

झुत्रा म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, होमाचा नवरा. खजुराची दारू करतो. आमच्या कालव्यावर त्याच्या हातची सर दुसऱ्या कोणाला नाही, आणि हे मी म्हणतेय म्हणजे बघा, कारण त्याचं नि माझं पहिल्या दिवसापासून वाकडं. लग्नातच तो मला तोंडाळ म्हणाला होता आणि मी त्याला आडमुठा. अजून दोघांपैकी कोणी शब्द मागे घेतलेला नाही.

माणूस तसा सरळ. मापात कधी मारणार नाही, खोटं तर त्याला बोलताच येत नाही. दारू आंबली असेल तर गिऱ्हाइकाला आधी तेच सांगतो. पण राग सदा नाकावर, आणि राग आला की तोंडातून आण बाहेर पडलीच म्हणून समजा. एकदा कांदा तिखट निघाला म्हणून कांद्याची आण घेतली. एकदा न्हाव्यानं कानाला कातर लावली, तर न्हाव्याच्या ओट्यावर चढणार नाही म्हणून आण. मग वर्षभर अस्वलासारखा हिंडला. आम्हा यहुद्यांचं यरुशलेमचं मंदिर पडून किती पिढ्या झाल्या, पण आमच्या पुरुषांच्या तोंडून ती वेदी काही उतरत नाही. जरा कुठे बिनसलं की, “हे मला वेदीवरच्या बळीसारखं वर्ज्य!” म्हणजे देवाला वाहिलेल्यासारखं, हात लावायचा नाही. आणि एकदा म्हटलं की म्हटलं. स्वतःची आण स्वतःला सोडवता येत नाही. ती गुरूनंच सोडवायची.

त्या दिवशी दुपारी त्याचे रांजण उकळत होते. होमाचं नाक चांगलं, ती वास घेऊन सांगते तेव्हाच तो आग काढतो. होमा सहज म्हणाली, “उन्हं उतरली की ताईकडे जाऊन येते.”

“परवाच गेली होतीस ना? तिथे काय ठेवलंय? गावगप्पा!”

“माझी बहीण आहे ती.”

झालं. झुत्रानं पळी आपटली आणि ओरडला, “त्या बाईच्या दारात पाऊल टाकलंस, तर माझं अन्नपाणी नि माझं छप्पर तुला वेदीवरच्या बळीसारखं वर्ज्य!”

होमा रांजणाकडे वळली. जाणारही नव्हती ती. पण घटकाभरानं दूधवाली धावत आली, “तुझी ताई घरामागे पडलीय, उठता येत नाही.” होमानं हात पुसले आणि निघाली. आणेपायी काय होणार हे तिला पक्कं ठाऊक होतं, तरी निघाली.

पाय मोडला होता माझा. होमानं तो बांधला, मला खाटेवर घातलं आणि मग भिंतीला टेकून रडायला लागली. आता नवऱ्याचा घास नाही, त्याचं छप्परही नाही. ती माझ्याकडेच राहिली. आणि महिन्यात आण सुटली नाही, तर तिसावा दिवस उलटल्यावर सोडचिठ्ठी. आमचा कायदाच तसा आहे. उपाशी ठेवलेली बायको कोणी नुसती नावाला बांधून ठेवू शकत नाही.

तोवर तिच्या पोटाचं काय? झुत्रा भाकरी पाठवू शकत नव्हता, त्याची भाकरी वर्ज्य. मग तो रोज सकाळी शिज्बी भटारी भट्टी लावायचा तिथे जाऊन उभा राहायचा आणि आभाळाकडे बघून मोठ्यानं म्हणायचा, “एका माणसाची बायको आणेत अडकलीय हो! त्यानं काय करावं, त्याला काही कळत नाही.” शिज्बी मान वर करायचा नाही. भाकऱ्या निघाल्या की आपल्या मनानं आमच्याकडे घेऊन यायचा. नंतर पैशाचं काय ते तो नि झुत्रा आपसात बघून घेत. माझ्यासाठीही आणायचा. भला माणूस, मी त्याला रोज तोंडभर आशीर्वाद द्यायची.

“इतकं कळतं तर गुरूकडे का जात नाही मेला?” मी होमाला विचारायची.

“लाजतो गं, ताई.”

“लाज? त्याला?”

महिना संपत आला तेव्हा लाज सोडून गेला एकदाचा. आमचे गुरू, रब मिन्यामी, सकाळी कालव्याचा गाळ उपसतात आणि दुपारनंतर तुतीखाली बसून शिकवतात. पायाला चिखल तसाच. अर्धं गाव जमलं होतं. मला गाढवावर बसवून नेलं. होमानं माझा हात असा काही धरला होता की बोटं बधिर झाली.

रब म्हणाले, “झुत्रा, बायको घराबाहेर गेली की लोक नावं ठेवतात, हे तेव्हा ठाऊक असतं तर आण घातली असतीस?”

झुत्रानं विचार केला. खराखुरा विचार केला मेल्यानं. “घातली असती. नावं लोक आधीपासूनच ठेवतात.”

लोक हसले. रब हसले नाहीत. “सोडचिठ्ठी दिली की लग्नाच्या करारात लिहिलेलं सगळं तिला द्यावं लागतं, हे ठाऊक असतं तर?”

“तरी घातली असती. ते तिचंच आहे.”

“अहो, नाही म्हणा ना!” होमा कळवळून ओरडली.

“खोटं कसं म्हणू?” झुत्राचे डोळे भरून आले होते. “रब, मला पस्तावा होतोय. रात्री झोप नाही. घर खायला उठतं.”

“हा आत्ताचा पस्तावा झाला, बाबा. मला आण घातलीस त्या घटकेचा हवाय. तेव्हा असलेलं, पण तुला ठाऊक नसलेलं, असं काही सापडलं तरच मला आण सोडवायचं दार उघडता येईल. ती बहिणीकडे गेली कशाला?”

“बहिणीचा पाय मोडला म्हणून.”

“तो मोडला नंतर. नंतर घडलेल्या गोष्टीनं दार उघडत नाही.” रबनी खाली बघितलं.

आणि माझं डोकं सटकलं. “नंतर कसला? गाढवावर बसून मी काय तमाशा बघायला आलेय का? सकाळी पडले मी, सकाळी! कबुतरं हाकायला छपरावर चढले होते. दुपार कलेपर्यंत घरामागे बोंबलत पडले होते, तेव्हा कुठे त्या दूधवालीला ऐकू आलं!”

रब ताडकन उठले. “हे आधी का नाही सांगितलंस?”

“कोणी विचारलं? जो तो पाय विचारतोय, वेळ कोण विचारतंय?”

रब झुत्राकडे वळले. आवाज अगदी हळू झाला त्यांचा. “तू आण घातलीस तेव्हा ही मोडका पाय घेऊन मातीत पडली होती. हे ठाऊक असतं तर?”

झुत्रानं माझ्याकडे बघितलं, मग पायाकडे. “छे हो,” तो म्हणाला. “मीच रांजण टाकून धावलो असतो. मेव्हणीबाई तोंडाळ आहेत, पण माणूस आहेत.”

“सुटलास,” रब म्हणाले. “सुटलास. सुटलास.”

माझा जीव असा भांड्यात पडला म्हणून सांगू! होमा हसत होती की रडत होती, तिचं तिला कळत नव्हतं. शिज्बी भटारी पाटी घेऊनच आला होता. मी त्याला म्हटलं, “देव तुझं भलं करो, महिनाभर मलाही जेवू घातलंस.”

“मला कशाला आशीर्वाद?” तो म्हणाला. “झुत्राच रोज म्हणायचा ना, ‘एका माणसाची बायको आणेत अडकलीय आणि मेव्हणी खाटेवर पडलीय.’ मी दोघींपुरत्या काढायचो.”

मग महिनाभराचे ते सगळे आशीर्वाद मी झुत्राला देऊन टाकले. गाव माझ्याकडे बघत होतं, त्यांनाही नवलच वाटलं असणार.

झुत्रानं पाटीतली गरम भाकरी उचलून होमाच्या हातात दिली. महिन्यानं पहिल्यांदा, आपल्या हातानं. तिनं घास मोडला. ते बघून त्याचा ऊर भरून आला, त्यानं हात वर केला आणि सगळ्या गावासमोर गरजला, “ऐका! यापुढे मी कधी आण घातली, तर मला माझी दारू वेदीवरच्या...”

होमानं तो घास त्याच्याच तोंडात कोंबला.